बंदीचे ६१ दिवस आणि इंग्रजीची उजळणी

१ जूनला सरकारच्या पावसाळी बंदीमुळे कोकण किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. बोटी वर ओढून शाकारल्या जातात, जाळी पडवीत येतात, आणि हर्णे बंदरावर एरवी संध्याकाळी लिलावाचा जो गलबला असतो, तिथे नुसता समुद्राचा आवाज उरतो. ३१ जुलैपर्यंत असे ६१ दिवस. आमच्याकडची बरीच मुलंमुली याच दिवसांत पुस्तकं उघडतात, कारण वर्षभर घरच्या धंद्यातून सवड होत नाही. कुणाला तलाठी व्हायचंय, कुणाला तटरक्षक दलात जायचंय, कुणी कर्मचारी निवड आयोगाचा फॉर्म भरलाय. परीक्षा निरनिराळ्या, पण तक्रार सगळ्यांची एकच: "ताई, बाकीचं होतं, मार्क इंग्रजीत जातात."

मी स्वतः याच वाटेने नोकरीला लागले आणि आता संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत या मुलांबरोबर बसते. जे पहिल्यांदाच बसणार आहेत, ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि ज्यांच्याजवळ जेमतेम दोन महिने आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एवढ्या दिवसांत इंग्रजी नव्याने शिकून होत नाही. पण दहावी-बारावीपर्यंत जे शिकलात त्याची नीट उजळणी होते, आणि बहुतेक पेपरांना तेवढी पुरते.

आधी पेपर, मग पुस्तक

ज्या परीक्षेला बसणार तिचा साचा प्रथम समजून घ्या. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास होते. त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण, आणि चुकीच्या उत्तराला वजावट नव्हती. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवी आणि बारावी स्तरावरच्या परीक्षांत पहिल्या टप्प्याला १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात, वेळ एक तास, आणि प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो. तटरक्षक दलाच्या नाविक भरतीत ६० प्रश्नांच्या पहिल्या भागात इंग्रजीचे १५ असतात, वेळ ४५ मिनिटं, वजावट नाही. साचा बदलू शकतो, म्हणून जाहिरात स्वतः डोळ्यांखालून घाला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

मग पहिले तीन दिवस काहीही न वाचता रोज एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. पाऊस लागला की आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा पेपर मेअखेरच उतरवून छापून ठेवा.

पेपर तपासताना नुसते गुण मोजून थांबू नका. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा. नियमच माहीत नव्हता तर 'न'. शब्द माहीत नव्हता तर 'श'. वाचण्यात घाई झाली तर 'घ'. आणि मनात मराठी वाक्य आलं, त्याच्या चालीने उत्तर दिलं आणि ते चुकलं, तर 'म'.

हे 'म' मला फार उशिरा कळलं. पहिल्या परीक्षेत इंग्रजीत २५ पैकी ११ बरोबर आले. शब्दसंग्रह कमी पडतोय असं मी धरून चालले आणि दोन महिने समानार्थी शब्दांच्या याद्या घोकल्या. पुढच्या खेपेला आले १२. मग एका रात्री दोन्ही पेपर समोर घेऊन बसले, तर निम्म्याहून जास्त चुका ज्यांतला प्रत्येक शब्द मला येत होता अशा सोप्या वाक्यांतल्या निघाल्या. त्या चुका ज्ञान कमी म्हणून झालेल्या नव्हत्या. त्या अस्सल मराठी होत्या, नुसता इंग्रजी शब्दांचा अंगरखा घातलेल्या. म्हणून मी मुलांना आधी 'म' शोधायला लावते. हे गुण सगळ्यांत लवकर हाती येतात.

दोन रकान्यांची वही

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे त्याचं बरोबर इंग्रजी. ही रीत आपल्याच किनाऱ्याच्या माणसाची आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारी मराठी मजकूर छापलेला असे. दोन भाषा शेजारी ठेवल्या की कोणती कुठे वळते ते आपोआप दिसतं.

या लेखात इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे ती डोळ्यांबरोबर कानालाही पोचतील. वहीत मात्र उजवा रकाना रोमन लिपीतच भरा, कारण पेपर तसाच येणार.

मराठी कुठे ओढते

उजळणीचा निम्मा वेळ या भागाला द्या.

पहिली जागा 'जोपर्यंत'. आपण म्हणतो, "मी येत नाही तोपर्यंत इथेच थांब." यातल्या 'नाही'मुळे हात आपोआप लिहितो: 'वेट हिअर अन्टिल आय डोन्ट कम'. चूक. 'अन्टिल'च्या पोटात तो नकार आधीच आहे, म्हणून 'वेट हिअर अन्टिल आय कम'. 'अनलेस'चंही तसंच. "अभ्यास केला नाहीस तर नापास होशील" हे 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल' असं होतं. मध्ये 'नॉट' आला की वाक्य बिघडलं. 'लेस्ट' तिसरा: 'वॉक केअरफुली लेस्ट यू शुड स्लिप'. पाखाडीवर शेवाळ धरलं की आई रोज हेच सांगते, "घसरशील हो, जपून जा." तिच्या बोलण्यात नकार नाही, तसा 'लेस्ट'नंतरही येत नाही.

दुसरी जागा जोड्यांची. मराठीत 'जरी' आला की 'तरी' हवाच, नाहीतर वाक्य लंगडतं. म्हणून 'दो इट वॉज रेनिंग, बट द बोट लेफ्ट' हे आपल्या कानाला पूर्ण वाटतं. इंग्रजीला एकच जोडशब्द पुरतो: 'दो इट वॉज रेनिंग, द बोट लेफ्ट'. परीक्षेत फार तर 'यट' चालतो, 'बट' कधीच नाही. 'ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम' यातला 'सो' आपल्या 'म्हणून'मधून आलाय, तो काढायचा. उलट काही ठिकाणी इंग्रजीलाही जोडी लागते, आणि ती ठरलेली असते: 'नो सूनर'बरोबर 'दॅन', 'हार्डली'बरोबर 'व्हेन', 'नॉट ओन्ली'बरोबर 'बट ऑल्सो'. त्यातही 'नो सूनर' वाक्याच्या सुरुवातीला आला की क्रम उलटतो: 'नो सूनर डिड द रेन स्टॉप दॅन द चिल्ड्रन रॅन आउट'. हे वाक्य पाठ करा. त्याच्यावर बेतलेला प्रश्न हमखास भेटतो.

तिसरी जागा मोठी आहे: शब्दयोगी अव्ययं. मराठीत ती नामाला मागून चिकटतात, आणि आपण त्यांचं शब्दशः रूपांतर करतो. 'त्याच्यावर रागावली' म्हणून 'ॲंग्री ऑन'. हवं 'ॲंग्री विथ'. 'तिच्याशी लग्न झालं' म्हणून 'मॅरिड विथ'. हवं 'मॅरिड टू'. 'गणितात हुशार' म्हणून 'गुड इन'. हवं 'गुड ॲट'. 'माझ्यापेक्षा ज्येष्ठ' म्हणून 'सीनिअर दॅन'. हवं 'सीनिअर टू'. ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर, प्रायर आणि प्रिफर यांच्यामागे सगळीकडे 'टू'च.

याच्या उलट काही क्रियापदांना मागे काहीच लागत नाही, आणि तिथे आपण घुसडतो. 'त्यावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट', 'घरात शिरला' म्हणून 'एंटर्ड इन द हाउस', 'बंदराला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू द पोर्ट'. तिन्हीकडे मधला शब्द काढून टाका. डिस्कस, एंटर, रीच, ऑर्डर, अटेंड, मॅरी, रिझेम्बल, ॲप्रोच: ही आठ क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. एंटरला अपवाद करारनाम्याचा आहे, तिथे 'एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट' असंच म्हणतात.

चौथी जागा काळ. "मी त्याला काल पाहिलंय" हे मराठीत बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव सीन' बाद, फक्त 'सॉ'. ठरावीक गेलेली वेळ दिसली की (यस्टरडे, लास्ट इयर, इन २०१९, टू डेज अगो) हॅव-हॅज असलेला पर्याय खोडा. आणि 'चार वर्षांपासून' मधल्या 'पासून'चा 'सिन्स' करू नका. सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', कालावधी मोजलेला असेल तर 'फॉर'. 'ही हॅज बीन वर्किंग ऑन धिस बोट सिन्स २०२१', पण 'फॉर फोर इयर्स'. 'ही इज वर्किंग सिन्स' हेही चूक, कारण तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे हे सांगायला 'हॅज बीन' लागतं.

पाचवी जागा जर-तरची, आणि माझ्या मते सगळ्यांत फसवी. "पाऊस पडला तर बोट जाणार नाही." मराठीत 'पडला' दिसतो भूतकाळासारखा, अर्थ मात्र उद्याचा. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ: 'इफ इट रेन्स, द बोट विल नॉट गो'. 'इफ'च्या भागात 'विल' दिसला की संशय घ्या. घडून गेलेल्या गोष्टीत तर मराठी दोन्हीकडे एकच रूप वापरते: "तू आला असतास तर मी थांबले असते." दोन्हीकडे 'असता', म्हणून मुलं दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहितात. इंग्रजीत बाजू वेगळ्या आहेत. 'इफ यू हॅड कम, आय वुड हॅव वेटेड.' अटीच्या बाजूला 'हॅड', निकालाच्या बाजूला 'वुड हॅव'. वहीत याची दहा वाक्यं स्वतःच्या आयुष्यातली लिहा. हुकलेली एसटी, न भरलेला फॉर्म, वेळेत न काढलेला दाखला, अशी वाक्यं सगळ्यांकडे असतात.

दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही असाच घोळ होतो. "तो म्हणाला की मी उद्या येतो" यात आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत 'मी'चा 'तो', 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' आणि काळ एक पायरी मागे: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. शेपटीप्रश्नांत (क्वेश्चन टॅग) आपलं एक 'ना?' किंवा 'नाही का?' सगळीकडे भागवतं, इंग्रजीत दर वाक्याला शेपूट बदलतं. होकारी वाक्याला नकारी, नकारीला होकारी. 'हार्डली', 'सेल्डम', 'फ्यू' ही वाक्यं नकारी धरायची. 'लेट्स गो'ला 'शॅल वी', आणि 'आय ॲम लेट'ला 'आरन्ट आय'. एवढं पुरे.

मराठी कुठे वाचवते

प्रत्येक वेळी मराठी आड येते असंही नाही. कर्ता आणि क्रियापदाचा मेळ घ्या. "आंब्यांची पेटी आली" असंच आपण म्हणतो, 'आले' म्हणत नाही, कारण क्रियापद पेटीकडे बघतं, आंब्यांकडे नाही. 'द बॉक्स ऑफ मँगोज हॅज कम' हे त्याच नियमाने. पेपरात 'मँगोज'च्या शेजारी मुद्दाम 'हॅव' ठेवलेला असतो. वाक्य मराठीत म्हणून बघा, कान लगेच सांगेल. "तांडेल खलाशांसह परतला" यातही क्रिया तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडे जाते. तसंच 'द टिंडल, अलाँग विथ हिज क्रू, हॅज रिटर्न्ड'. 'ॲज वेल ॲज' आणि 'टुगेदर विथ' यांचं गणित हेच. 'वन ऑफ द'नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ द बोट्स इज मिसिंग', म्हणजे बोटींपैकी एक.

इथे एक सावधगिरी बाळगा. "त्याने पेटी उघडली, त्याने डबा उघडला" इथे मराठी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीत ते कधीच कर्माकडे बघत नाही. हा फरक डोक्यात पक्का असू द्या.

मोजता न येणाऱ्या नामांतही थोडी मदत मिळते. 'माहिती'चं अनेकवचन आपणही करत नाही, मग 'इन्फर्मेशन्स' कशाला? फर्निचर, लगेज, मशिनरी, सीनरी यांनाही शेवटी एस लागत नाही. 'ॲडव्हाइस'पाशी मात्र सांभाळा, कारण मराठीत 'सल्ले' होतात. आणि 'न्यूज'पाशीही, कारण 'बातम्या आहेत' म्हणता म्हणता 'न्यूज आर' लिहिलं जातं. हवं 'न्यूज इज'.

आणि 'अ' की 'ॲन' यासाठी तर आपली लिपीच कामाला येते. शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर', मग रोमनमध्ये पहिलं अक्षर एच का असेना. 'युनिव्हर्सिटी'त पहिला य, व्यंजन, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन रुपी नोट'मध्ये व, म्हणून 'अ'. 'एमएलए'त ए, म्हणून 'ॲन एमएलए'. 'ऑनेस्ट मॅन'ला 'ॲन', 'युरोपिअन'ला 'अ'. रोमन अक्षरं बघणारी मुलं इथे फसतात, देवनागरीत लिहिणारी फसत नाहीत. गेल्या वर्षी एका मुलीला हे सांगितलं, तिने तिथल्या तिथे वीस शब्द लिहून काढले आणि वीसच्या वीस बरोबर आले. 'द'साठी आपला नकाशा आठवा: समुद्राला 'द' (द अरेबियन सी), नदीला 'द' (द वाशिष्ठी), डोंगररांगेला 'द' (द सह्याद्रीज), एकट्या शिखराला नाही, गावाला नाही. कळसूबाई आणि रत्नागिरी 'द'शिवाय.

शब्द: याद्यांपेक्षा एक वाक्य उलगडा

पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा येतो. इंग्रजीत तो साधारण असा असतो: 'फिशरमेन आर ॲडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इन्टू द सी.' किनाऱ्यावर हे वाक्य सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. आता ते सावकाश बघा.

'फिशरमॅन'चं अनेकवचन 'फिशरमेन', एस लावून होत नाही. 'आर ॲडव्हाइज्ड' हा कर्मणी प्रयोग आहे. सल्ला कुणी दिला ते सांगायची गरज नाही म्हणून कर्ता गाळलाय, आणि पेपरात हेच वाक्य कर्तरी करायला सांगतील. 'ॲडव्हाइज' क्रियापदात एस आहे, 'ॲडव्हाइस' नामात सी. 'प्रॅक्टिस'चंही ब्रिटिश लेखनात असंच आहे: क्रियापदाला एस, नामाला सी. 'नॉट टू व्हेंचर' यात नकार 'टू'च्या आधी आलाय. 'टू नॉट' असा पर्याय परीक्षेत चूक धरला जातो. 'व्हेंचर' म्हणजे धोका पत्करून जाणं, म्हणून इथे नुसतं 'गो' नाही. नाम म्हणून त्याचाच अर्थ धाडस किंवा नवा धंदा. आणि 'इन्टू', कारण बाहेरून आत जाण्याची हालचाल आहे. आत असलेल्याला 'इन'. एका ओळीतून सहा प्रश्न निघाले. रोज अशी एकच ओळ घ्या: इशाऱ्यातली, एसटी स्टँडवरच्या फलकावरची, औषधाच्या खोक्यावरची, बँकेच्या फॉर्मवरची. ६१ दिवसांत ६१ ओळी होतील, आणि त्या याद्यांसारख्या उडून जाणार नाहीत.

नव्या शब्दाला घरातला जुना शब्द बांधला की तो टिकतो. 'कॅश्यू' आणि आपला काजू दोन्ही पोर्तुगीजांकडून आले. 'मान्सून' आणि मोसम एकाच अरबी शब्दाचे वंशज. 'नेव्ही', 'नेव्हल', 'नेव्हिगेट' यांच्या मुळाशी जहाजाचा लॅटिन शब्द आहे, आणि तो आपल्या नौकेतल्या 'नौ'चा भाऊ. लॅटिनमध्ये समुद्राला 'मारे' म्हणत, त्यावरून 'मरीन', 'मरिनर', 'मॅरिटाइम', 'सबमरीन'. 'सब' म्हणजे खाली हे एकदा कळलं की 'सबमर्ज', 'सबवे', 'सबऑर्डिनेट' यांचा अंदाज बांधता येतो.

वाक्प्रचारांत तर आपली मुलं शहरातल्या मुलांच्या पुढे असायला हवीत, कारण इंग्रजी वाक्प्रचारांत समुद्र भरलेला आहे. 'लेफ्ट हाय अँड ड्राय' म्हणजे अडचणीत एकटा सोडलेला. ओहोटीला पाणी मागे गेलं की खाडीतली होडी चिखलावर कशी कलंडून पडते ते ज्याने पाहिलंय, त्याला याचा अर्थ पाठ करावा लागत नाही. 'ॲट अ लो एब' म्हणजे उतरती कळा. 'एब' म्हणजे ओहोटीच. 'टू टर्न द टाइड' म्हणजे पारडं फिरवणं. 'टू लर्न द रोप्स' म्हणजे कामातल्या खाचाखोचा शिकणं. नवा खलाशी आधी दोरच शिकतो. 'ऑल ॲट सी' म्हणजे पुरता गोंधळलेला, 'इन द सेम बोट' म्हणजे एकाच संकटातले, 'प्लेन सेलिंग' म्हणजे बिनअडथळ्याचं काम, 'फिश आउट ऑफ वॉटर' म्हणजे परक्या जागी अवघडलेला. हे आठ आजच लिहा.

उच्चारात सारख्या किंवा जवळपास सारख्या, लेखनात वेगळ्या शब्दांच्या जोड्याही जवळूनच सुरू करा. 'बर्थ' आय घालून म्हणजे जन्म, ई घालून म्हणजे बोट लागायची किंवा झोपायची जागा. 'की' म्हणजे किल्ली, आणि क्यूने सुरू होणारा 'की' म्हणजे बंदराचा धक्का. मग 'स्टेशनरी'ची जोडी: ए वाला थांबलेला, ई वाला कागद-पेनांचा. 'प्रिन्सिपल', 'इफेक्ट-अफेक्ट', 'लूस-लूझ' त्यानंतर.

स्पेलिंग मोठ्याने, अक्षरांची नावं घेत पाठ करा. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन सी, दोन एम. 'ऑकेजन'मध्ये दोन सी, एक एस. 'एम्बॅरस'मध्ये दोन आर, दोन एस. 'कमिटी'त दोन एम, दोन टी, दोन ई. 'सेपरेट'च्या मध्यावर ए. 'मेंटेनन्स' लिहिताना 'मेंटेन'चं स्पेलिंग मनात येतं आणि चुकवतं. मध्ये टीनंतर फक्त ई.

दिवस कसे लावायचे

सकाळी एक तास व्याकरण, एका दिवशी एकच मुद्दा. रात्री अर्धा तास दोन रकान्यांची वही. दुपारी जमलं तर एक उतारा. जूनभर असं चालेल.

जुलैत भातलावणी येते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना तरवा (भाताची रोपं) काढायला, लावायला जावंच लागतं, आणि दिवसभर चिखलात वाकल्यावर रात्री पुस्तक उघडत नाही. हे आधीच धरून चाला, स्वतःला दोष देत बसू नका. त्या दहा-बारा दिवसांत फक्त कान चालू ठेवा: आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐका, आणि ज्या वाक्यांचं इंग्रजी चुकतं ती मनात म्हणत राहा. माझ्या 'हॅड-वुड हॅव'च्या दहा वाक्यांतली पाच मी लावणी करतानाच पक्की केली.

लावणी संपली की शेवटचे पंधरा दिवस रोज एक पूर्ण पेपर. नवं काही शिकू नका. पुन्हा तीच अक्षरं टाका, आणि 'म' किती उरले ते बघा. उतारा सोडवताना आधी प्रश्न वाचा, मग उतारा. उत्तर उताऱ्यात लिहिलेलं तेवढंच द्या, तुम्हाला त्या विषयातलं जास्त माहीत असलं तरी. वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नात ज्या वाक्यात माणसाचं किंवा वस्तूचं नाव आहे ते आधी, 'ही', 'शी', 'दीज' असलेलं नंतर. पंचवीस प्रश्नांना पंधरा मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये, म्हणून व्याकरण आणि शब्द आधी उरका, उतारा शेवटी.

वजावटीला मुलं नको तितकी घाबरतात, तेव्हा हिशेब सांगते. कर्मचारी निवड आयोगात बरोबरला दोन, चुकीला वजा अर्धा. चार पर्यायांपैकी एक खात्रीने खोडता आला आणि उरलेल्या तिघांतून एक निवडला, तर अशा तीन प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो: दोन गुण मिळतात, एक जातो, निव्वळ एक उरतो. म्हणजे एक पर्याय खोडता आला तर प्रश्न सोडू नका. तलाठीसारखी वजावटच नसेल, तर एकही गोल कोरा ठेवू नका.

परीक्षेचं केंद्र बहुतेक वेळा लांब येतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, आणि दरड आली की घाट बंद. सकाळच्या सत्राला त्याच दिवशी निघू नका. आदल्या दिवशी पोचा, नातेवाइकांकडे राहा. गाडीत पुस्तक नको, वहीतली फक्त 'म'ची पानं वाचा. प्रवेशपत्राच्या दोन छापील प्रती, मूळ ओळखपत्र आणि दोन फोटो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी दप्तराच्या आत ठेवा. जुलैच्या झडीत नुसती छत्री पुरत नाही.